दोन लॉक, एकच नंबर

लातूरला एका मित्राचा छापखाना आहे. लग्नपत्रिका तो अजून जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरवरच करतो. ते चालतं फक्त विंडोज एक्सपीवर, आणि यूएसबीला त्याचं 'लॉक', म्हणजे डोंगल, लावल्याशिवाय उघडत नाही. जुना कॉम्प्युटर ऐन लग्नसराईत मेला, तेव्हा नव्या मशीनवर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात अनेक कॉम्प्युटर चालवणारी लिनक्सवरची प्रणाली, टाकून त्यात एक्सपीचं व्हर्च्युअल मशीन (असाच पोटातला कॉम्प्युटर) उभं केलं. त्यातली डिस्क, नेटवर्क कार्ड, स्क्रीन हे सगळं सॉफ्टवेअरनं वठवलेलं सोंग. लॉकचं सोंग मात्र चालत नाही. खरं लॉकच आतल्या विंडोजच्या हवाली करावं लागतं. हेच पासथ्रू.

कोणतं लॉक आत द्यायचं ते निवडायला यूएसबी उपकरणांची यादी उघडली आणि मित्र म्हणाला, "दोन्ही बी सारखेच दिसायलेत की! कोणतं घ्यावं?"

दुसरं लॉक हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं होतं. दोन्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी लॉक एकाच कंपनीचं घेतलेलं, त्यामुळे दोन्हींचा नंबर ०५२९:०००१. पहिले चार आकडे कंपनीचे, पुढचे चार मॉडेलचे. नंबरावरून जोडलं, तर त्या नंबरचं जे आधी हाती लागेल ते आत जातं. आमच्याकडे नेमकं हिशेबाचं गेलं, आणि डीटीपी म्हणे लॉक सापडत नाही. जोडून झाल्यावर मशीनच्या हार्डवेअर पानावर उरतं ते एवढंच: 'होस्ट=०५२९:०००१' (होस्ट म्हणजे बाहेरचा खरा कॉम्प्युटर). आत काय गेलंय ते त्यावरून कुणाला कळणार? बस (यूएसबीची मुख्य वाहिनी) आणि डिव्हाइस क्रमांकावर विसंबावं, तर लॉक काढून पुन्हा लावलं की डिव्हाइस क्रमांक बदलतो. टिकतो तो पोर्ट. १-२ म्हणजे पहिल्या बसचं दुसरं भोक, तिथं काहीही खुपसलं तरी.

ग्राफिक्स कार्ड असंच आत द्यायचं, तर मामला आणखी गुंतागुंतीचा. बाहेर, खऱ्या कॉम्प्युटरवर, त्याचा पत्ता समजा ००००:०१:००.०, आत तेच कार्ड दुसऱ्याच पत्त्यावर दिसतं. शिवाय कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितं. त्यानं दुसऱ्याच्या मेमरीत शिरू नये म्हणून आयओएमएमयू नावाचा पहारेकरी लागतो. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणतं, एएमडी एएमडी-व्हीआय. हा पहारेकरी ज्या उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ओळखू शकत नाही, त्यांचा एकच गट धरतात. वाटणी न झालेल्या सामाईक सातबाऱ्यासारखं आहे हे: एकट्याचा तुकडा परक्याच्या ताब्यात देता येत नाही, सगळा गट जातो. कार्डाबरोबर त्याचा एचडीएमआय आवाजाचा भाग जातो तो यामुळेच. म्हणून माझ्या मते उपकरण निवडायच्या यादीत नावाशेजारी गट क्रमांक, आणि उपकरण सध्या कुणाच्या ताब्यात आहे, हे दिसलंच पाहिजे. लिनक्सच्या साध्या यादीत आतल्या मशीनला दिलेलं कार्डही जागच्या जागी दिसतं. फक्त ड्रायव्हरच्या ओळीत व्हीएफआयओ, म्हणजे पासथ्रूसाठीच्या ड्रायव्हरचं नाव, लिहिलेलं असतं, आणि ती ओळ कोण वाचतो!

प्रॉक्समॉक्सनं २०२३ साली, ८.० आवृत्तीत, उपकरणाला आपण ठरवलेलं नाव द्यायची सोय आणली. आम्ही पोर्ट धरून एका लॉकचं नाव ठेवलं पत्रिका, दुसऱ्याचं हिशेब. आणि मित्रानं डब्याच्या मागं, त्या भोकाशेजारी, चिकटपट्टीवर पेनानं लिहिलं: 'हात लावू नये'.