कुत्र्यांतील चॉकलेट विषबाधा

चॉकलेट किंवा कोकोयुक्त पदार्थ पोटात गेल्याने कुत्र्यांना होणारी विषबाधा. कोको बियांतील थिओब्रोमीन व काही अंशी कॅफीन ही द्रव्ये तिला कारणीभूत होतात. थिओब्रोमीनचा अर्धायुकाल (रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ) माणसात साधारण 6 ते 10 तास, तर कुत्र्यात सुमारे 17.5 तास असतो. शिवाय मूत्राशयातून ते पुन्हा रक्तात शोषले जाते.

घातक मात्रेबाबत मतभेद आहेत. शरीरवजनाच्या दर किग्रॅ.ला 100 ते 200 मिग्रॅ. थिओब्रोमीन हा आकडा जुन्या संदर्भग्रंथांतून चालत आला आहे. मात्र त्याहून बऱ्याच कमी मात्रेतही मृत्यू नोंदले गेल्याने लक्षणांवर आधारलेली प्रतवारी अधिक ग्राह्य वाटते : दर किग्रॅ. वजनामागे 20 मिग्रॅ.ला वांती, जुलाब व अस्वस्थता, 40 ते 50 मिग्रॅ.ला हृदयाची लय बिघडणे, 60 मिग्रॅ.च्या पुढे झटके. दुधाच्या चॉकलेटमध्ये दर ग्रॅमला सुमारे 2, गडद चॉकलेटमध्ये 5 व कोको पुडीत 26 मिग्रॅ. थिओब्रोमीन असते. म्हणजे 10 किग्रॅ. वजनाच्या कुत्र्याला गडद चॉकलेटची 100 ग्रॅमची वडी जितकी बाधेल, तितकीच 20 ग्रॅम कोको पूड बाधते. पांढरे चॉकलेट या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी. त्यातील चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, ती गोष्ट वेगळी.

लक्षणे बहुधा 6 ते 12 तासांनी दिसतात. उतारा नाही, पशुवैद्य वांती करवतात, विष शोषून घेणारा सक्रियित कोळसा देतात व हृदयावर लक्ष ठेवतात. मिठाचे पाणी पाजण्याचा घरगुती उपाय स्वतःच घातक ठरू शकतो.

गोव्यात नाताळाचे पारंपरिक गोड पदार्थ नारळ, तांदूळ, गूळ यांवर उभे आहेत. दोदोल दिसायला काळपट असला तरी त्यात कोको नसतो. धोका आहे तो चॉकलेट केकचा आणि भेट आलेल्या डब्यांचा. मनुका घातलेल्या केकने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ती विषबाधा निराळी. फोंडा परिसरातील काही कुळागरांत (सुपारी-नारळाच्या मिश्र बागांत) कोकोची झाडेही आढळतात. काजूप्रमाणे तीही पोर्तुगीजांनी आणली असे सहज वाटते; पण भारतातील पहिली लागवड सामान्यतः 1798 च्या सुमारास, तमिळनाडूतील कुट्रालम येथे, ईस्ट इंडिया कंपनीने केल्याचे मानले जाते. कोको बियांच्या टरफलांतही थिओब्रोमीन उरते, म्हणून ती आच्छादनासाठी झाडांच्या आळ्यांत पसरल्यास राखणीच्या कुत्र्यांना बाधू शकतात.