डेडलॉक क्वचित, तपासणी क्षणोक्षणी

डेटाबेसमध्ये एक ट्रान्झॅक्शन (एकत्र पुरा किंवा रद्द होणारा व्यवहार) पहिल्या खात्याची रो, म्हणजे नोंदीची ओळ, लॉक करून दुसऱ्याची वाट पाहतंय, दुसरं नेमकं उलट: हा डेडलॉक. कुणीच हटणार नाही, म्हणून एकाचा बळी देऊन ते रोलबॅक करायचं, म्हणजे त्याने केलेले बदल मागे घ्यायचे. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ॲप्लिकेशनच्या पदरी मग एरर १२१३ पडते. पण अशी गाठ बसलीय हे इंजिनाने शोधायचं केव्हा?

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसने सबुरी धरली. अडलेलं ट्रान्झॅक्शन आधी १ सेकंद नुसतं थांबतं. तरीही लॉक मिळालं नाही तरच शोध. फिनलंडच्या हेइक्की तूरी यांनी घडवलेल्या इनोडीबीचा, म्हणजे मायएसक्यूएलचा डेटा सांभाळणाऱ्या इंजिनाचा, स्वभाव उलटा: थांबायची वेळ आली रे आली की कोण कोणामुळे अडलंय ते तिथल्या तिथे तपासायचं. वर्दळ बेताची होती तोवर हे खपून गेलं.

घोडं पेंड खात होतं ते ‘हॉट रो’पाशी, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी हवी असलेल्या ओळीपाशी. सेलच्या दिवशी एकाच वस्तूचा साठा कमी करायला १०० थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) रांगेत लागले, तर शंभराव्याला पुढच्या ९९ जणांकडे पाहावं लागतं. सगळ्यांची बेरीज ५,०००च्या घरात. गंमत म्हणजे प्रत्येकाला फक्त तीच रो हवी असेल, तर डेडलॉक शक्यच नाही! त्यात हा शोध सामायिक म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारं अंतर्गत कुलूप, धरून चालायचा (मायएसक्यूएलच्या ५.५ आवृत्तीपर्यंत तो कर्नल म्युटेक्स, ५.६ मध्ये फोडला), त्यामुळे त्या रोशी देणंघेणं नसलेलेही खोळंबायचे. शोध भरकटू नये म्हणून मर्यादा होती: वाट पाहणाऱ्यांची साखळी २०० ट्रान्झॅक्शनच्या पुढे गेली की तो डेडलॉकच समजायचा. म्हणजे नुसत्या गर्दीपायीही बळी.

२०१६ मध्ये ५.७.१५ ने तपासणी बंद करण्याची सेटिंग दिली. भीक नको पण कुत्रा आवर, असाच प्रकार. कारण ती बंद केल्यावर खरी गाठ सुटते ती लॉकच्या टाइमआउटनेच, म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपल्यावरच, आणि तो मुळात ५० सेकंदांचा. त्यातही खाच अशी, की टाइमआउट झाला तर एरवी फक्त शेवटचं स्टेटमेंट रोलबॅक होतं. आधीची लॉक्स तशीच धरलेली राहतात.

खरा उतारा २०१९ मध्ये, ८.०.१८ मध्ये आला. शोध वेगळ्या बॅकग्राउंड थ्रेडकडे गेला. थांबणारा आता ‘मला अमक्याने अडवलंय’ एवढी एकच नोंद ठेवतो. प्रत्येकाकडून एकच बाण निघत असल्याने वर्तुळ शोधायला बाणांमागून एक फेरी पुरते, आणि ती फेरी चालू असताना बाकीच्यांना थांबावं लागत नाही.