इंग्रजी पत्रांतील आणि अहवालांतील ‘वाढ’ : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

टॉवेल-चादरींचे कारखानदार, डाळिंबाचे निर्यातदार आणि पतसंस्था यांची पत्रे व अहवाल आम्ही इंग्रजीत करून देतो. ‘वाढ’ या साध्या शब्दासाठी आम्ही पुन्हा पुन्हा फोन का करतो, असे आमचे बहुतेक ग्राहक विचारतात, म्हणून त्याचे उत्तर एकदा लेखी देत आहोत.

मराठीत मूल वाढते, भाव वाढतो, उजनीची पाणीपातळी वाढते आणि पंगतीत भातही वाढला जातो. इंग्रजीत ही कामे वेगवेगळ्या शब्दांकडे आहेत. रोप, मूल किंवा धंदा यांच्यासाठी ‘ग्रो’ चालतो, आणि हा शब्द मुळात ‘ग्रीन’ आणि ‘ग्रास’ यांच्याच कुळातला असल्याने तसे होणे स्वाभाविक आहे. मोजता येणाऱ्या आकड्यासाठी ‘इनक्रीज’ आणि वर चढणाऱ्या पातळीसाठी ‘राइज’ येतो. भावाला यांतील शेवटचे दोन्ही शब्द चालतात. मात्र मुलाला ‘इनक्रीज’ लावला, तर मूल उंच झाले असा अर्थ निघत नाही. भाव आपोआप वाढला तर ‘रोज’ आणि आपण वाढवला तर ‘रेज्ड’. त्यामुळे ‘सुताचा भाव वाढल्याने आम्हाला दर वाढवावा लागला’ या एकाच वाक्यात आमच्याकडून दोन निराळे शब्द येतात. ती टायपिंगची चूक समजून कृपया दोन्हीकडे एकच शब्द करू नये.

आमचा आणि आपला सर्वाधिक वेळ मात्र दुसऱ्याच एका गोष्टीत जातो. पुष्कळदा ‘नॅपकिन, दरवाढ 180, संक्रांतीपासून’ एवढीच चिठ्ठी येते. डझनाचा दर 180 रुपयांनी वाढला की वाढून 180 रुपये झाला, हे त्यावरून कळत नाही. इंग्रजीत पहिल्या अर्थासाठी आकड्याआधी ‘बाय’ लागतो आणि दुसऱ्यासाठी ‘टू’. जुना दर 165 असेल, तर दर ‘टू’ 180 गेला, पण वाढला ‘बाय’ 15, म्हणजे सुमारे 9 टक्के. याऐवजी ‘बाय’ 180 छापले गेले, तर परदेशातला खरेदीदार तो दर 345 समजेल आणि त्याचे पुढचे पत्र ऑर्डरचे नसेल. चिठ्ठी लिहिणाऱ्या कारकुनाला जुना दर ठाऊक नसतो, तो ठाऊक असलेले मालक गड्ड्याच्या यात्रेत असतात, आणि एका अक्षरासाठी अख्खे पत्र दोन दिवस अडून राहते. अंदाजाने शब्द घालून मोकळे होणे आम्हालाही सोपे आहे, परंतु तसे आम्ही करत नाही, आणि आमच्याकडे उशीर होतो ही तक्रार बहुतांशी याच कारणाने येते.

टक्क्यांचेही तसेच आहे. थकबाकी 4 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर गेली, तर ती ‘टू परसेंट’ने वाढली असे लिहिणे चुकीचे ठरते, कारण ही वाढ दोन ‘परसेंटेज पॉइंट’ची आहे, टक्क्यांत सांगायची, तर ती तब्बल 50 टक्के होते. पतसंस्थांच्या अहवालात हा फरक सभासदांच्या नजरेतून एक वेळ सुटेल, लेखापरीक्षकांच्या सुटत नाही.

‘हळूहळू’ या शब्दाबद्दलही आमच्याशी नेहमी वाद घातला जातो. त्यासाठी ‘स्लोली’ लिहिले की गती कमी असल्याचा सूर लागतो, आणि ‘आमच्या ठेवी हळूहळू वाढत आहेत’ हे अभिमानाचे वाक्य इंग्रजीत कुरकुरीसारखे ऐकू येते. ‘ग्रॅज्युअली’च्या मुळाशी लॅटिनमधील ‘पायरी’ हा अर्थ आहे. पायरीपायरीने झालेल्या बदलाला तो शोभतो, एका झटक्यात केलेल्या दरवाढीला नाही. ‘स्टेडिली’ सर्वांनाच आवडतो, पण मध्येच दोन महिने ठेवी घसरल्या असतील, तर तो लिहिता येत नाही. अशा वेळी आम्ही महिनावार आकडे मागतो ते आपल्या हिशेबात डोकावण्यासाठी नव्हे.

डाळिंब लाल होते तेव्हा ‘टर्न’ लिहावा, आणि साठवणुकीत फळ खराब होते तेव्हा ‘गो बॅड’. बिघाडाकडे जाणाऱ्या बदलाला इंग्रजीत पुष्कळदा ‘गो’ लागतो. टॉवेलचा रंग धुण्याने उतरतो, त्याला मात्र ‘फेड’ म्हणतात. आपल्या मालासाठी असे ठरलेले शब्द आम्ही प्रत्येक नेहमीच्या ग्राहकाच्या नावाने वहीत नोंदवून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या वर्षीच्या अहवालात तीच गोष्ट वेगळ्या शब्दाने येत नाही आणि काम लवकर हातावेगळे होते. या नोंदीचे वेगळे पैसे आकारले जात नाहीत. कच्ची प्रत पाहून एकदा सुचवलेल्या दुरुस्त्याही ठरलेल्या दरातच केल्या जातात. अंतिम प्रतीत परस्पर शब्द बदलून मग ती पुन्हा तपासायला आणल्यास मात्र ते नवे काम धरले जाते.

यापुढे चिठ्ठी पाठवताना ती ‘नॅपकिन, डझनाचा दर 165 वरून 180, 15 जानेवारीपासून, सूत महागल्यामुळे आम्ही वाढवला’ अशी लिहावी. एवढा मजकूर असल्यास सकाळी दिलेले पत्र त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत तयार मिळेल.