उत्सयोकी: वाट होती, तिची वेस झाली

२०२१च्या उन्हाळ्यात फिनलंड आणि नॉर्वेने मिळून आपल्या हद्दीवरच्या तेनो नदीत सॅल्मन धरायला बंदी घातली. (सॅल्मन म्हणजे आपला रावस नव्हे. बाजारात रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, तेवढाच संबंध.) समुद्रातून अंडी घालायला परतणारे मासे फारच कमी झाले होते. पुढच्या उन्हाळ्यातही बंदी उठली नाही. त्याच २०२२ साली फिनलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना मासेमारीच्या खटल्यात स्थानिक सामी लोकांवरचे आरोप फेटाळले. मूलनिवासी म्हणून आपल्या नद्यांत मासे धरण्याचा त्यांचा हक्क राज्यघटनेनेच मान्य केलेला आहे, असा त्याचा आधार होता. थोडक्यात, हक्क मिळाला तेव्हा नदीत मासा नव्हता. ही कोंडी उत्सयोकी नावाच्या छोट्याशा पालिकेतली, पण तिचं मूळ पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका तहात आहे.

उत्सयोकी म्हणजे फिनलंडचं अगदी उत्तर टोक. तिथलं नुओरगाम हे गाव तर युरोपीय संघातलंही सर्वांत उत्तरेकडचं. क्षेत्रफळ ५,३०० चौरस किलोमीटरच्या वर आणि वस्ती सुमारे १,२००. म्हणजे माणशी चार चौरस किलोमीटरहून जास्त जागा. त्यातली बहुतेक माणसं तीन गावांत आणि नदीकाठच्या घरांत. बाकी सगळे बोडके, गोलसर डोंगर, दलदल आणि खुरटे भूर्जवृक्ष. नोव्हेंबरअखेर मावळलेला सूर्य जानेवारीच्या मध्यावर उगवतो. त्याचं उट्टं उन्हाळ्यात निघतं, तेव्हा दोन महिन्यांहून जास्त काळ तो मावळतच नाही. सामी बहुसंख्य असलेली फिनलंडमधली ही एकमेव पालिका. त्यांच्या भाषेत गावाचं नाव ओहत्सेयोह्का, आणि तेनो नदी म्हणजे ‘देआत्नू’, थोरली नदी.

या थोरल्या नदीचे दोन काठ वेगळे आहेत, असं तिथे कुणाच्या मनातही नव्हतं. उन्हाळ्यात ती होडीची वाट, हिवाळ्यात गोठली की घसरगाडीची. एका काठचं घर, दुसऱ्या काठची सोयरीक. स्वीडन आणि डेन्मार्क-नॉर्वे अशा दोन्ही राजांची माणसं सारा वसूल करून नेत. त्याचा जाच होता, पण नदीच्या मधोमध रेघ नव्हती. १७५१च्या स्ट्रॉमस्टाडच्या तहाने ती ओढली. तहाला सामी लोकांसाठी एक पुरवणी जोडली होती: रेनडिअर घेऊन हद्द ओलांडायचा त्यांचा परिपाठ चालू राहील. आखणी करणाऱ्यांना एवढं भान होतं, हे मान्य करायला हवं.

भान टिकलं शंभर वर्षं. १८०९मध्ये फिनलंड स्वीडनच्या हातून रशियाच्या झारकडे गेला आणि १८५२मध्ये रशियाने नॉर्वेची हद्द रेनडिअरना बंद केली. कळप उन्हाळ्यात डासांपासून पळून समुद्रकाठी जात आणि हिवाळ्यात आतल्या रानात बर्फ उकरून दगडफूल खात. ही ये-जा तुटली. कुटुंबांना एक बाजू निवडावी लागली. नदीकाठचे सामी सॅल्मन, थोड्या गाई-मेंढ्या आणि कुरणातलं गवत यांवर तगून राहिले. पुढच्याच वर्षी, १८५३ला, उत्सयोकीचं दगडी चर्च उभं राहिलं. चर्चजवळ मांतोयार्वी तळ्याकाठी लाकडी खोल्या अजून आहेत. लांबून आलेली माणसं सणासुदीला तिथे मुक्काम करत. लग्नं, बारशी आणि देणीघेणी त्याच खेपेत उरकत. पालिका स्थापन झाली ती १८७६ला.

१९४४मध्ये जर्मन सैन्य लॅपलंडमधून, म्हणजे फिनलंडच्या उत्तर भागातून, मागे हटत असताना इथल्या लोकांना दक्षिणेकडे हलवलं गेलं. मोटारीचा रस्ता आला तो युद्धानंतर, आणि नदीवरचा ‘सामी पूल’ १९९३मध्ये. पुलापलीकडे घड्याळ एक तास मागे. नॉर्वेची मंडळी स्वस्त किराण्यासाठी अलीकडे येतात.

१९६०च्या दशकात इथल्या भूर्जवनावर एका पतंगाच्या अळ्यांची धाड आली. उणे ३६ अंशांच्या आसपास त्याची अंडी मरतात. जड, गार हवा दरीच्या तळाशी साचते. म्हणून तळातली झाडं वाचली आणि उतारावरची वाळून गेली. नव्या फुटव्यावर रेनडिअर चरत राहिले, त्यामुळे काही ठिकाणी जंगल परतलंच नाही. ऊब म्हणजे सुख, हे समीकरण उत्सयोकीत चालत नाही.

आता पुन्हा मासेमारीकडे. इथली जुनी रीत बांधाची: लाकडी तिकाटण्या प्रवाहात उभ्या करायच्या, त्यांना फांद्या लावायच्या आणि मासा वळवत वळवत जाळ्यात आणायचा. जागा कुठली, पाणी किती असताना, हे ज्ञान घराण्यात चालत आलेलं. २०१७मध्ये दोन देशांनी नवा मासेमारी करार लागू केला, तेव्हा आपल्याला विचारलंच नाही, असं म्हणत सामी कार्यकर्त्यांनी नदीतल्या एका बेटावर ठाण मांडलं आणि इथे हा करार चालणार नाही असं जाहीर केलं. चार वर्षांनी सॅल्मनवर सरसकट बंदीच आली.

त्यात घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं: सोव्हिएत काळात प्रशांत महासागरातून आणून रशियाच्या उत्तरेकडच्या नद्यांत सोडलेला गुलाबी सॅल्मन आता तेनोत घुसलाय. त्याचं आयुष्य दोन वर्षांचं, म्हणून तो विषम सालीच झुंडीने येतो. २०२१ला आला, २०२३ला आला. अंडी घालून मरतो आणि काठावर कुजत पडतो. शेजारी, ज्या होड्यांतून सॅल्मन धरायचे, त्या लांबट होड्या रेतीवर ओढून ठेवलेल्या.