गाठीचं वेष्टन वेगळं, कॅन्सरभोवतीचा टणकपणा वेगळा

"शरीरानेच स्तनातल्या गाठीभोवती कवच केलंय, रोग आत कोंडलाय, मग सुई लावून ते फोडायचं कशाला?" रामबागेपासून लोकमान्यनगरापर्यंत इंदूरच्या मराठी घरांत हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं, की पॅथॉलॉजीची खोली सोडून गल्लीत फलक लावावा असं वाटायला लागतं. शिकलेली माणसंही हेच बोलतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर घरातल्या एखाद्या तरुण मुलीची फायब्रोअ‍ॅडिनोमाची, म्हणजे कॅन्सर नसलेल्या एका प्रकारची, गठान असते. ती खरंच अख्खी, सुटी निघालेली असते.

फायब्रोअ‍ॅडिनोमा कसा असतो ते आधी पाहू. बहुधा विशी-तिशीत होतो, रबरी लागतो, बोटाखालून सटकतो. हळूहळू वाढताना तो शेजारच्या ऊती बाजूला सारतो, त्या दबून भोवती पातळ थर तयार होतो, आणि त्यालाच सगळे वेष्टन म्हणतात. एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. या गाठीतला तंतुमय भाग हा तिचा शेजार नव्हेच, मूळ गाठ तोच. २०१४ साली सिंगापूरच्या संशोधकांना निम्म्याहून अधिक फायब्रोअ‍ॅडिनोमांत मेड१२ या जनुकातला बदल सापडला, तोही तंतुमय भागातल्या पेशींत, दुधाच्या नळ्यांच्या अस्तरात नाही.

कॅन्सरमध्ये हे नेमकं उलटं असतं, आणि सगळा घोळ इथेच होतो.

इथे बिघाड नळीच्या अस्तराच्या पेशीत असतो. शेजारचे फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीतल्या तंतू विणणाऱ्या पेशी, बहुतांशी धडधाकट असतात. कॅन्सरपेशी त्यांना टीजीएफ-बीटासारख्या प्रथिनांतून संदेश देत राहतात, आणि जखम झाल्यावर जे काम त्यांनी करायचं तेच त्या इथे करू लागतात: आकुंचन पावायचं, कोलॅजेन या प्रथिनाचे चिवट धागे टाकायचे. जखम भरली की या पेशी मरून जातात किंवा शांत होतात. इथे थांबायचा निरोप कधी येतच नाही. पॅथॉलॉजिस्ट हॅरल्ड ड्वोराक यांनी १९८६ साली ट्यूमरला न भरणारी जखम म्हटलं, ते यामुळेच. हाताला लागणारा टणकपणा मुख्यतः या कोलॅजेनचा असतो. अशी गाठ कापताना सुरी कच्च्या नासपतीतून जावी तशी करकरते.

मग हे कुंपण नाही का? नाही. लायसिल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) कोलॅजेनचे धागे एकमेकांना घट्ट बांधतं. भोवताल असा ताठर झाला की कॅन्सरपेशी तो ताण पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन नावाच्या पकड घेणाऱ्या प्रथिनांनी ओळखतात, आणि त्यांना वाढायला, सरकायला आणखी जोर मिळतो. धाग्यांची दिशाही बदलते. सुरुवातीला ते गाठीच्या कडेला समांतर असतात. पुढे काही ठिकाणी कडेशी काटकोनात उभे राहतात, आणि पेशी त्यांच्यावरूनच बाहेर चालत जातात. अशी काटकोनी रचना दिसलेल्या रुग्णांचं पुढचं भवितव्य तुलनेने वाईट असल्याचं अभ्यासांत आढळलंय. ज्याला लोक कुंपण म्हणतात, ती इथे वाट असते. हेच आकसणारे तंतू त्वचेला बांधणारे अस्थिबंध आणि दुधाच्या नळ्या ओढतात, म्हणून स्तनावर खळी पडते किंवा बोंड आत जातं.

फायब्रोब्लास्ट सरसकट फितूर असतात, असंही नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये उंदरांतल्या अशा पेशी कमी केल्या तेव्हा ट्यूमर उलट अधिक आक्रमक झाला. पण "काही पेशी थोडा आवर घालतात" आणि "रोग कोंडला गेला" यांत फार अंतर आहे.

खरी हद्द एकच, नळीभोवतीचा पातळ पडदा, म्हणजे आधारपटल. कॅन्सर त्याच्या आत असेल तर तो डीसीआयएस, म्हणजे नळीतून बाहेर न पडलेला कॅन्सर; 'कोंडलेला' म्हणायचंच असेल तर त्याला म्हणा. हे पटल इतकं पातळ, की बोटाला कधीच लागत नाही. जिथे हा कोलॅजेनचा टणकपणा हाताला लागतो, तिथे ते बहुधा ओलांडलं गेलेलं असतं.

म्हणून "टणक आहे पण दुखत नाही, राहू द्या" ऐकलं की माझा पारा चढतो. "मऊ आहे, काळजी नको" हेही तितकंच बिनबुडाचं. पेशींभोवती श्लेष्मा साठणारा म्युसिनस कॅन्सर मऊ, रेखीव कडांचा असू शकतो. लोब्युलर या दुसऱ्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये पेशी एकेरी रांगेत शिरतात आणि कधी गाठ हाताला लागतच नाही. उलट मार लागून चरबी मेली, तर निरुपद्रवी गाठही दगडासारखी होते. तपासणी, मॅमोग्राफी-सोनोग्राफी आणि सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणी, या तिघांचं एकमत व्हायला लागतं. सुईने कवच फुटेल ही भीती सोडा. कवच तिथे नव्हतंच.

आणि सुई म्हणजे माझ्या मते कोअर बायोप्सीच, म्हणजे जाड सुईने ऊतीचा तुकडा काढणं. एफएनएसी या बारीक सुईने पेशी ओढून घेण्याच्या तपासणीत सुट्या पेशी येतात. त्या वाईट आहेत हे कळतं, पण आधारपटल ओलांडलंय की नाही हे त्यांवरून सांगता येत नाही. कोअरच्या धाग्याएवढ्या तुकड्यात पेशी, पटल आणि कोलॅजेन आपापल्या जागी असतात.