टर्शरी सेक्टर

टर्शरी सेक्टर म्हणजे अर्थव्यवस्थेचे तिसरे, अर्थात सेवांचे क्षेत्र. शेती, मासेमारी, जंगल यांतून थेट निसर्गाकडून मिळणारे उत्पन्न पहिल्या क्षेत्रात धरतात. कच्च्या मालापासून वस्तू घडवणे, बांधकाम, वीज ही दुसऱ्यात. उरलेले सगळे तिसऱ्यात येते : व्यापार, वाहतूक, बँका, विमा, शाळा, दवाखाने, हॉटेले, सरकारी कचेऱ्या, वकिली, सलून, घरकाम. शालेय भूगोलात याला ‘तृतीयक व्यवसाय’ म्हणतात, वर्तमानपत्रांत ‘सेवाक्षेत्र’ हा शब्द रुळला आहे आणि बोलण्यात ‘सर्व्हिस सेक्टर’. मुंबईत ‘अमका सर्व्हिसला आहे’ असे म्हणतात तेव्हा अर्थ एवढाच, की तो पगारी नोकरीत आहे. कारखान्यातला फिटरही त्या अर्थाने सर्व्हिसला असतो. त्या वापराचा या संज्ञेशी संबंध नाही.

तिन्ही क्षेत्रे एका जागी पाहायची तर कुलाब्याचा ससून डॉक पुरेसा आहे. पहाटे ट्रॉलर धक्क्याला लागतात. समुद्रावरून मासळी आणणारे खलाशी पहिल्या क्षेत्रातले. मासळी गोठवून निर्यात करणाऱ्या कारखान्यासाठी कोळंबी सोलणाऱ्या बायका दुसऱ्या क्षेत्रातल्या. लिलावात बोली लावणारा व्यापारी, टोपल्या टेम्पोत चढवणारा हमाल आणि लिलावातून माल उचलून बाजारात वाटे लावून बसणारी कोळीण हे तिसऱ्या क्षेत्रातले. पुष्कळदा ही सगळी माणसे एकाच कोळीवाड्यातली, कधी एकाच घरातलीही असतात.

सेवेचे मुख्य लक्षण असे, की ती साठवता येत नाही. दिली जाते त्याच क्षणी ती वापरली जाते. दुपारी बाराच्या चर्चगेट लोकलमधली रिकामी सीट संध्याकाळी सहाच्या गर्दीसाठी राखून ठेवता येत नाही. त्यामुळे या क्षेत्रात गिऱ्हाईक येण्याची वेळ, गर्दीचे तास, हजर माणसांची संख्या यांना फार महत्त्व येते.

अर्थव्यवस्थेचे असे तीन भाग करण्याची कल्पना मूळचे न्यूझीलंडचे अर्थतज्ज्ञ ॲलन फिशर यांनी 1935 साली मांडली. कॉलिन क्लार्क यांनी 1940 मध्ये निरनिराळ्या देशांचे आकडे लावून ती पुढे नेली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : उत्पन्न वाढते तसा माणसाचा अन्नावरचा, मग वस्तूंवरचा खर्च प्रमाणाने कमी होतो आणि सेवांवरचा वाढतो, म्हणून कामगारही शेतीकडून कारखान्याकडे आणि तिथून सेवांकडे सरकतात.

मुंबईत लोक सरकले खरे, पण कारण वेगळे होते. इथली पहिली कापड गिरणी 1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी काढली आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे लालबाग-परळचा पट्टा गिरण्यांच्या भोंग्यावर चालला. गिरणगावात सेवा तेव्हाही होत्याच. गावाकडे कुटुंब ठेवून आलेले कामगार गाळ्यांतून राहत आणि बायकांनी चालवलेल्या खानावळींत जेवत. याच खानावळवाल्यांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. 18 जानेवारी 1982 पासून दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट सुरू झाल्याच नाहीत. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि तिच्यात 2001 साली केलेल्या बदलाने गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या होत गेल्या. तिथे मॉल, कार्यालये आणि टॉवर आले. कामगारांपैकी कोणी रिक्षा धरली, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी वॉचमन झाला. घरातल्या बायकांनी धुणीभांडी आणि पोळ्यांची कामे धरली. आकडेवारीच्या भाषेत ही सगळी माणसे दुसऱ्या क्षेत्रातून तिसऱ्यात आली. या सरकण्याला प्रगतीची पायरी म्हणणे त्या कुटुंबांवर अन्याय करणारे आहे, कारण पगार, भविष्य निर्वाह निधी आणि रजा ही तिन्ही मागेच राहिली.

ही संज्ञा वाचताना मोजणीची पद्धत ठाऊक असावी लागते. कोण कुठल्या क्षेत्रात हे त्याच्या हातातल्या कामावर ठरत नाही, तो ज्या आस्थापनेत आहे तिच्या मुख्य व्यवसायावर ठरते. कारखान्याच्या पगारपत्रकावर असलेला वॉचमन दुसऱ्या क्षेत्रात मोजला जातो. उद्या मालकाने हे काम सिक्युरिटी एजन्सीला ठेक्याने दिले, तर त्याच गेटवर त्याच स्टुलावर बसलेला तोच माणूस तिसऱ्या क्षेत्रात जातो. कँटीन, साफसफाई, गाड्या ठेक्यावर गेल्या की तेच होते. म्हणजे सेवाक्षेत्राच्या वाढीतला काही भाग हा निव्वळ ठेकेदारीचा परिणाम असतो.

डबेवाल्यांचे उदाहरणही असेच बोलके आहे. महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था तृतीयक क्षेत्राचा जगभर गाजलेला नमुना आहे. डबा बोरिवलीहून फोर्टला पोचवण्याची मजुरी राष्ट्रीय उत्पन्नात मोजली जाते. डब्यातली पोळीभाजी पहाटे उठून घरात केलेली असते. ते श्रम कुठेच मोजले जात नाहीत. तीच पोळीभाजी केंद्रातून विकत आणली तर मोजली जाते. उलट, स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने कोणाला रुपयाही भाडे दिलेले नसते, तरी त्या घराचे अंदाजी भाडे सेवाक्षेत्राच्या उत्पन्नात धरण्याची रीत आहे.

देशाच्या एकूण मूल्यवर्धनात, म्हणजे उत्पादनातून पडणाऱ्या किमतीच्या भरीत, सेवांचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. रोजगारात मात्र तो एक तृतीयांशाच्याही आत आहे. सरकारच्या दृष्टीने या क्षेत्राला महत्त्व आले ते 1994 मध्ये. त्या वर्षी टेलिफोन, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली या तीन सेवांवर पाच टक्के सेवाकर बसला. 1 जुलै 2017 पासून तो जीएसटीत विरघळला.

मुंबईच्या संदर्भात हा शब्द आला की डोळ्यांसमोर येते वांद्रे-कुर्ला संकुल, दलाल स्ट्रीट, रिझर्व्ह बँक. शहराच्या उत्पन्नात त्यांचा भाग मोठा आहे यात शंका नाही. पण व्याख्येनुसार मस्जिद बंदरचा ओझी वाहणारा माथाडी, सोसायटीचा वॉचमन आणि चार घरची कामे करणाऱ्या मावशी हेही त्याच क्षेत्राचे तितकेच हक्काचे घटक आहेत. महाराष्ट्राने हे कायद्यात मानलेले आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा आला, 1981 मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी आणि 2008 मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी कायदा झाला. माथाडी कायद्याची रचना विशेष आहे : मजुरी मालकाने थेट न देता माथाडी मंडळाकडे भरायची, वर निधी, रजा, औषधोपचार यांसाठी ठरलेली लेव्ही भरायची, आणि मंडळाने नोंदणीकृत कामगाराला ती पोचवायची. असंघटित सेवांना संरक्षण कसे देता येते याचा इतका स्पष्ट नमुना देशात क्वचितच सापडेल, आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्याला फार अधिक जागा मिळायला हवी.

संशोधन, सल्ला, संगणक प्रणाली अशा ज्ञानावर आधारलेल्या सेवा काही अभ्यासक ‘चतुर्थक’ म्हणून वेगळ्या काढतात. राष्ट्रीय आकडेवारी मात्र त्यांना तिसऱ्यातच ठेवते. ॲपवरून खाणे पोचवणाऱ्या दुचाकीस्वाराचे क्षेत्रही हेच. तो कोणाचा नोकर, हा प्रश्न वर्गीकरणाने सुटत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ यांची व्याख्या पहिल्यांदा केली, तीही नेहमीच्या मालक-नोकर संबंधाबाहेरचे काम अशी.