हिवाळी चढाई कशाला म्हणायचं? तारखेच्या वादाची पार्श्वभूमी

आल्प्समध्ये हिशोब सोपा होता. साधारण २१ डिसेंबर ते २० मार्च या काळात शिखर गाठलं, की ती हिवाळी चढाई. हिमालयात मात्र परवान्याची तारीख मध्ये आली. नेपाळचा हिवाळी हंगाम १ डिसेंबरला, म्हणजे कॅलेंडरच्या हिवाळ्याआधी तीन आठवडे सुरू होतो आणि पहिला गुंता तिथेच झाला.

आंजेय झावादा यांच्या पोलिश पथकाने १९८० मध्ये एव्हरेस्टवर हिवाळी मोहीम नेली. चढाईची मुदत १५ फेब्रुवारीला संपत होती. ती जेमतेम दोन दिवस वाढवून मिळाली आणि शेवटच्या दिवशी, १७ फेब्रुवारीला, लेशेक चिखी आणि क्षिश्तोफ व्येलित्स्की माथ्यावर पोहोचले. या चढाईच्या तारखेवर कुणी बोट ठेवू शकत नाही.

नेपाळमधल्या धौलागिरी शिखराचं तसं नाही. जपानी मोहिमेतले अकिओ कोइझुमी १३ डिसेंबर १९८२ ला शिखरावर होते. परवाना हिवाळी होता, पण कॅलेंडरचा हिवाळा आठवडाभर दूर होता. त्यामुळे पहिल्या हिवाळी चढाईचा मान सहसा २१ जानेवारी १९८५ ला पोहोचलेल्या कुकुच्का आणि चोक या पोलिश गिर्यारोहकांना दिला जातो. फ्रेंच गिर्यारोहक जाँ-क्रिस्तोफ लाफाय यांचं उदाहरण तर मला फार लागतं. ११ डिसेंबर २००४ ला ते एकट्याने, कृत्रिम ऑक्सिजनशिवाय तिबेटमधल्या शिशापांग्मा शिखरावर चढले. पहिली हिवाळी चढाई म्हणून नोंद झाली ती महिन्याभराने आलेल्या सिमोने मोरो आणि प्योत्र मोराव्स्की यांची.

गिर्यारोहक डेनिस उरुब्को यांनी वेगळी रेघ आखली. हवामानशास्त्राप्रमाणे हिवाळा १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर, असं ते मानतात. ही रेघ धरली तर काराकोरममधल्या दोन शिखरांवरच्या चढाया, ९ मार्च २०१२ ची गाशेरब्रुम-१ ची आणि ५ मार्च २०१३ ची ब्रॉड पीकची, हिवाळी चढायांच्या यादीतून गळतात. ब्रॉड पीकच्या माथ्यावर पोहोचलेल्या चौघांपैकी दोघे उतरताना मरण पावले.

हिवाळ्यात वेगवान पश्चिमी वाऱ्यांचा झोत हिमालयावर येतो, हवेचा दाब घटतो आणि श्वासाला ऑक्सिजन आणखी कमी पडतो. हे एका ठरावीक तारखेला सुरू होत नाही, तरी मी कॅलेंडरच्याच बाजूने आहे, कारण वारा दरवर्षी वेगळा असतो आणि नोंदीला सगळ्यांसाठी एकच माप लागतं. फक्त तळछावणी कधी उभारली, हेही त्या नोंदीत लिहायला हवं. शरदात दोर बांधून, छावण्या लावून जानेवारीत माथा गाठणं ही वेगळी चढाई आहे.

१६ जानेवारी २०२१ ला दहा नेपाळी गिर्यारोहक केटूवर पोहोचले, तेव्हा तारखेचा प्रश्न कुणी काढला नाही. चर्चा झाली ती ऑक्सिजनच्या नळकांड्यांची.